भाऊ, धान चांगला कांडला गेला होता

भाऊ, आधी कबुली देते, रडायचं ते नंतर बघू. लग्न होऊन या घरात मला महिनाही झाला नव्हता, आणि तुमच्या बाकड्याचा पिळाचा दांडा मी मुसळ समजून उखळात घातला. नुसता घातला नाही, त्यानं दोन पायल्या धान कांडला.

आता हसताय की रागावताय, मला दिसत नाही. तेव्हाही दिसलं नव्हतं. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला होता आणि त्याखालून मला दिसले ते फक्त तुमचे पाय. ते उखळाजवळ येऊन थांबले, बराच वेळ तसेच राहिले, मग वळून आत गेले.

नात्यानं तुम्ही माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. आपल्याकडे भासऱ्यासमोर धाकट्याच्या बायकोनं बसायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही. सांगायचं ते तिसऱ्या माणसाला सांगायचं, आणि तिसरं माणूस नसेल तर भिंतीला. पंचावन्न वर्षं आपण एका छपराखाली राहिलो आणि मी तुमच्याशी एक वाक्य धड बोलले नाही. तुमची तेरवी झाली, पाहुणे गेले, मांडवाचे बांबू ज्याचे त्याला परत केले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता मला कोणी अडवत नाही. गेलेल्या माणसासमोर पदर घ्यावा लागत नाही. म्हणून वही घेऊन बसले आहे, आणि तुम्हाला उठून जाता येत नाही, याचा मला थोडा आनंदही आहे.

तर ते मुसळ. त्या दिवशी घरातलं मुसळ शेजारी हळदीच्या कार्यक्रमाला गेलं होतं, आणि सासूबाई जाता जाता सांगून गेल्या की धान कांडून ठेव. सिंदेवाहीकडची ती अठरा वर्षांची शहाणी (तिला 'मी' म्हणायला मला अजून लाज वाटते) घरभर मुसळ शोधत फिरली. तुमच्या कामाच्या पडवीत खुंट्यांवर तिला एक दिसलं. कापडात गुंडाळलेलं, तेल पाजलेलं. तिला वाटलं, काय घर मिळालं! इथे मुसळालासुद्धा इतकं जपतात. कापड सोडलं तर लाकडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पीळ घेत गेलेल्या सात खाचा. त्यावरही तिच्याकडे उत्तर तयार होतं: कोंडा वर निघून यावा म्हणून केल्या असतील. सातवी पास होती ना. टोकाला लोखंडी कडं नाही हे तिला दिसलं होतं, लाकूड जरा जाड आहे हेही कळलं होतं. पण या घरची रीत वेगळी असेल म्हणाली आणि लागली कांडायला.

दुसऱ्या पायलीला टोक फुटलं. खाचांच्या मधल्या धारांच्या ढलप्या तांदळात पडल्या, आणि त्या सुपानं पाखडून काढत असतानाच तुमचे पाय आले.

ज्यांनी ते बाकडं पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, तुम्ही तेवढं ऐकून घ्या. आपलं घर परवान्याच्या बंदुका दुरुस्त करणाऱ्यांचं. शिकारीचा परवाना मिळत होता तेव्हाची गोष्ट. गोळी नळीतून भोवऱ्यासारखी फिरत निघाली तर सरळ जाते, म्हणून नळीला आतून पीळ घेत जाणाऱ्या बारीक सऱ्या पाडाव्या लागत. आलापल्लीच्या अलीकडे जंगलात मशीन कुठून येणार? सागाचं एक बाकडं होतं, माणसाच्या दुप्पट लांब. एका टोकाला नळी घट्ट बसवायची. दुसऱ्या टोकाला पिळाचा दांडा, त्याच्या पुढे लांब सळई, आणि सळईच्या शेवटी नखाएवढं पातं. दांडा दात असलेल्या चौकटीतून ओढला की खाचांमुळे तो आपोआप फिरत यायचा. त्याच्याबरोबर सळई फिरायची, आणि पातं नळीत तसाच पीळ कोरायचं. लाकडाचा पीळ लोखंडात उतरायचा. म्हणजे अख्ख्या बाकड्याचं डोकं त्या दांड्यात. तो मामाजींनी, तुमच्या वडलांनी, जवानीत घडवलेला. मी त्याचं डोकं उखळात आपटलं.

तुम्ही आत गेलात आणि बाईशी काहीतरी बोललात. बाई म्हणजे तुमची बायको, माझी थोरली जाऊ. दाराआड दोघांची कुजबुज मला ऐकू आली, शब्द कळले नाहीत. मग बाई बाहेर आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ते म्हनते, हिच्या बापाले बोलावून घ्या."

त्या दिवशी मी जेवले नाही. बापाला कोणी बोलावलं नाही हे खरं, पण मी चार दिवस रस्त्याकडे बघत होते. शेवटी मामाजींनीच निकाल दिला. जिनं मोडला तिच्या हातानं नवा होईल, ती बाकड्यावर बसेल. तुमचा धाकटा, म्हणजे माझा नवरा, आलापल्लीच्या लाकूड डेपोत, रविवारी घरी येणारा. बाईला सातवा महिना. तुम्हाला दुसऱ्या टोकाला माणूस हवंच होतं. भासऱ्यासमोर बसायचं नाही हा नियम मामाजींनी बाकड्यापुरता सोडला. बोलायचं नाही हा नाही सोडला. मी समजले, ही माझी शिक्षा.

नव्या दांड्यासाठी तुम्ही बिजा झाडाचं वाळलेलं लाकूड काढलंत. ते गोल करण्यात आठवडा गेला. मग पीळ आखायचा. तुम्ही सुतळी गुंडाळायचे, ती सरकायची. सोडून पुन्हा गुंडाळायचे. दोन दिवस मी गप्प बसले, आणि तुम्हाला माहीत आहे, दोन दिवस हे माझ्यासाठी किती असतात. तिसऱ्या दिवशी समोर कोंबडी दाणे टिपत होती. मी तिला म्हटलं, "कोंबडे, खाटेची नवार गुंडाळाव वो. रुंद असते, काठाले काठ लागून बसते. सात पट्टे शेजारी शेजारी गुंडाळले का सात सऱ्या आपोआप भेटते."

तुम्ही सुतळी खाली ठेवलीत. हातातल्या पटाशीला म्हणालात, "कोंबडी शाळा शिकेल दिसते."

त्याच दुपारी सासूबाईंच्या खाटेची नवार सुटली. त्या बिचाऱ्या पंधरा दिवस खाली चटईवर निजल्या आणि मला रोज सकाळी कंबर दाखवायच्या. सात पट्टे बरोबर बसेनात, तर तुम्ही नवार कापली नाही, लाकूडच तासत तासत नवारीच्या मापाला आणलंत. मग पट्ट्यांच्या काठांवर कोळशानं रेघा ओढल्या, आणि त्या रेघांवर पटाशी. एक खाच पूर्ण व्हायला दोन दिवस लागायचे. मी लाकूड धरून ठेवायची. तुमची पटाशी माझ्या बोटांपाशी यायची आणि बरोबर दोन बोटं अलीकडे थांबायची. दरवेळी. मला तेव्हा वाटायचं, मुद्दाम भीती दाखवतात. आता या वयात कळतं की ज्याला भीती दाखवायची असते, तो दरवेळी दोन बोटं अलीकडे थांबत नाही.

मग नळीचं काम सुरू झालं. एका ओढीत केसासारखं बारीक लोखंड निघायचं. एक सरी झाली की दांडा एक घर पुढे फिरवून बसवायचा, की दुसरी सरी. सातही एकदा झाल्या की पात्याखाली कागदाची पातळ पट्टी सरकवायची, म्हणजे पातं कणभर वर येतं आणि पुढची फेरी कणभर खोल जाते. कागद विडीच्या बंडलावरचा. तेल सोडणं, पातं पुसणं, पट्टी घालणं आणि मोजणं ही कामं माझी. मोज चुकली तर एक सरी खोल आणि एक उथळ, म्हणजे नळी वाया. म्हणून मोठ्यानं मोजावं लागायचं. मोजणं म्हणजे बोलणं नव्हे, असं मामाजींनी सासूबाईंना पटवलं.

दोन-अडीच वर्षं तुम्ही माझ्या तोंडून थेट ऐकलंत ते एक ते सात. पण त्या सातांत मी काय काय बसवायची! सासूबाईंशी वाजलं असलं की 'चार' आपटायची. रविवार जवळ आला की 'सहा' लांबवायची. मोहाची फुलं वेचायला पोरींबरोबर जायचं असलं की सातही एका दमात, आणि तुम्ही मुद्दाम सावकाश ओढायचे. एकदा 'तीन'च्या आधी मला शिंक आली, तर तुम्ही दांडा हातात धरून तसेच बसून राहिलात. मी नाक पुसून 'तीन' म्हटल्यावरच ओढलंत. धाकट्याशी मी त्याच्या शेवटापर्यंत भरपूर बोलले, पण त्यानं माझ्या शब्दासाठी इतकं थांबलेलं मला आठवत नाही. बोलणारा नवरा आणि न बोलणारा भासरा, दोघांची आठवण सारखीच येते, हे मी कोणाला सांगत नाही.

मला त्या दिवसांत एकच हवं होतं. तुम्ही एकदा म्हणावं, झालं ते झालं. बाईकडून म्हणा, पटाशीला म्हणा, कोंबडीला म्हणा. तुम्ही म्हटलं नाही. मग एके दिवशी विडीचा कागद संपला. मी शाळेची जुनी वही काढली, पान फाडलं, पट्टी कापली आणि पेन्सिलनं तिच्यावर लिहिलं, 'चुकले. माफ करा.' पट्टी पात्याजवळ ठेवली. तुम्ही ती उचललीत, बोटांत चोळून पाहिलीत, उजेडाकडे धरलीत. मला वाटलं, आता. तुम्ही ती शांतपणे पात्याखाली सरकवलीत आणि दांड्याला हात घातलात. मी काय करणार? मी म्हटलं, एक.

जेवायच्या वेळी बाईकडून तुमचं टपाल आलं. "ते म्हनते, वहीचा कागद जाड पडते. विडीचाच देत जा."

भाऊ, माणसानं जीव काढून माफी मागावी आणि समोरच्यानं तिची जाडी मोजावी!

पहिली नळी झाली तेव्हा ज्यांची रायफल होती त्यांचा माणूस आला. तलावाच्या पाळीखाली मोहाच्या झाडाला त्यानं तेलाच्या डब्याचं झाकण ठोकलं आणि दोन गोळ्या झाडल्या. जाऊन पाहतो तर झाकणाला भोक एकच. यावरचं आपलं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि तुम्ही असे मधेच निघून गेलात हे मला मुळीच पटलेलं नाही. माझं म्हणणं, दुसरी गोळी त्याच भोकातून गेली. नवारीचा पीळ आहे तो, वाकडा जाणार नाही. तुमचं म्हणणं, दुसरी गेली तलावात. पुरावा काय, तर बगळे उडाले. मी बाईकडून निरोप दिला की बगळे आवाजानं उडतात. तुमचा निरोप आला की मग पहिल्या गोळीला काऊन नाही उडाले? बाई बिचारी वर्षानुवर्षं तुमचे-माझे बगळे इकडून तिकडे नेऊन थकली. एकदा चिडून म्हणाली, आता तुम्ही दोघंच बोला बाप्पा, मले भाकरी करू द्या. आपण दोघंही लगेच गप्प.

पुढे शिकारीवर बंदी आली. नळीचं काम संपलं. तुम्ही परवाना जमा केलात, पाती-सळया जमा केल्यात, आणि बैलबंड्या, दारं, पाळणे करायला लागलात. आपल्या गावातल्या निम्म्या पोरांना तुमच्या पाळण्यात झोप लागली. ज्या मोहाला झाकण ठोकलं होतं, त्याच्याखाली आता पहाटे चितळं येतात. बाकडं ओसरीत आलं. येणारा-जाणारा त्याच्यावर बसतो, आम्ही त्याच्यावर तांदूळ निवडतो. दांडा मात्र तुम्ही कोणाला दिला नाही. तो कापडात, खुंटीवर.

आणि दर दसऱ्याला ते. सगळ्या हत्यारांना तुम्ही हळद-कुंकू आणि दोन अक्षता वाहायचे. करवतीला दोन, रंध्याला दोन. दांड्यापाशी आलात की मूठभर तांदूळ. चांगली भरलेली मूठ. मी दाराआडून पाहायची आणि दर वर्षी तेवढीच जळायची. म्हणायची, माणूस विसरत नाही हो, देवासमोरसुद्धा त्या कांडलेल्या धानाचा टोमणा मारतो. दसऱ्याच्या दिवशी माझा स्वयंपाक काऊन खारट होतो, हे या घरात कोणाला कधी कळलं नाही. आता कळेल.

मागच्या वर्षी लकव्यानं तुमचा उजवा हात गेला. डॉक्टरांनी दारावर कप्पी बसवून दोरी ओढायला लावली, दिवसातून दोनदा, दहा-दहा वेळा. तुम्ही कोणाचं ऐकत नव्हता. बाई आता कानानं अधू, पोरगा कामावर. मी दाराशी उभी राहिले, पदर घेतला आणि भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "एक." दोरी ओढली गेली. बावन्न वर्षांनी, भाऊ. "दोन." हात थरथरत होता, पण आला. सातवर तुम्ही थांबलात. डॉक्टरांनी दहा सांगितले होते. मी आठ म्हटलं, तुम्ही ओढलं नाही. दुसऱ्या दिवशीही सात. मग मी ठरवलं, सात तर सात, दिवसातून तीनदा मोजू. दोन महिन्यांत तुम्ही त्याच हातानं चमचा धरलात. डॉक्टर म्हणाले, आजीबाई, काय केलं? मी म्हटलं, आकडे म्हटले.

रोज सात झाल्यावर मी दोन क्षण तिथेच उभी राहायची. तोंडात शब्द असायचे. रीत आता कोण पाळतं? आमच्या सुना भासऱ्याला चहा हवा का विचारतात आणि चेष्टाही करतात. मला कोणी अडवलं नसतं. पण एवढ्या वर्षांनी 'ते मुसळ' कुठून सुरू करायचं? उद्या म्हणू, असं म्हणत मी घरात जायची. मग एका सकाळी मी 'एक' म्हटलं आणि दोरी हलली नाही.

तेरवीला तुमची नात मयूरी आली होती. चंद्रपूरला आयटीआयत ती पोरापोरींना लेथ शिकवते, हे तुम्ही ओसरीत बसणाऱ्या प्रत्येकाला तीनदा सांगितलेलं आहे. तिनं दांडा उतरवला, बाकड्याच्या चौकटीत घातला आणि ओढला. आधी अडकला. तिनं थोडं तेल सोडलं, पुन्हा ओढला, आणि भाऊ, तो फिरत आला. एवढ्या वर्षांनी एक दात इकडचा तिकडे नाही. पोरगी खाली बसली आणि लहान लेकरासारखी पाहत राहिली. म्हणाली, आजी, आमच्या पोरांना हे दाखवायचं आहे. सरळ ओढलेलं वळतं कसं, हे मशीनच्या पोटात दिसत नाही, इथे दिसतं. बाकडं ती पुढच्या आठवड्यात नेणार आहे. पातं नाही, नळी नाही, फक्त लाकूड. आणि मला म्हणाली, पहिल्या दिवशी तू ये, तू मोज. मी आढेवेढे घेतले, पण लुगडं कुठलं नेसायचं ते ठरवून टाकलं आहे.

बाकडं जाणार म्हणून आज दुपारी बाई आणि मी दांड्याला मोहाचं तेल लावत बसलो होतो. ती त्या टोकाला, मी या टोकाला. तुमची जागा तिनं घेतलेली. तेल लावता लावता माझ्या तोंडून निघालंच. म्हटलं, बाई, त्यायची माफी मागायची राहून गेली वो. जुना दांडा मी मोडला, ते मनात धरूनच गेले.

बाईला ऐकू कमी येतं, म्हणून मी दोनदा म्हटलं. बराच वेळ ती खाचेतलं तेल बोटानं पुढे-मागे करत राहिली. मग म्हणाली, तुझ्या बापाला बोलवा असं ते म्हणालेच नव्हते. ते मी माझ्या मनचं जोडलं होतं. कागद जाड पडतो एवढं मात्र त्यांचंच होतं, ते खोटं नाही. मी विचारलं, मग दाराआड ते काय बोलले होते? बाईनं पदराला हात पुसले, आणि पंचावन्न वर्षं अडकलेलं तुमचं टपाल शेवटी दिलं:

"ते हासून राह्यले होते वो. मले म्हनले, 'बाबांच्या हातचा होता, म्हून मले त्याले बदलता येत नोहोता. किती वर्साचं मनात होतं, आपल्या हातचा एक घडवाव. त्या पोरीनं रस्ता मोकळा केला. तिले म्हन, भेव नोको. आन् धान कसा कांडला गेला, तेवढं विचारून ये.' मी म्हटलं, असं सांगतलं तं पयल्याच महिन्यात डोक्यावर बसन हे. म्हून नाई सांगतलं. पन ते दर दसऱ्याले मले विचारे, 'तिनं काई सांगतलं का वो, धान कसा कांडला गेला होता?'"